ऊडनाडाटा ट्रॅकने उलुरू: मुलं आणि आजोबांना घेऊन तंबूत राहत जायचं असेल तर

तुमचा बेत असा: जुलैच्या शाळेच्या सुट्टीत मेलबर्नहून निघायचं, ॲडलेड आणि फ्लिंडर्स रेंजेसमार्गे मारी गाठायचं, तिथून ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याने मार्लापर्यंत आणि पुढे स्टुअर्ट हायवेने उलुरू, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातला तो प्रचंड तांबडा खडक. येताना पूर्ण डांबरी रस्त्याने परत. बरोबर पत्नी, ११ आणि ७ वर्षांची मुलं आणि साताऱ्याहून आलेले ६८ वर्षांचे बाबा. घरची ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही, रात्री तंबू, एकूण ८ दिवस. गाडी चालेल का आणि सामान काय घ्यावं, हे तुम्ही विचारलंय.

दोन्ही सांगतो, पण आधी दिवसांचं बोलू. जाऊन-येऊन हा प्रवास ४,८०० किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे रोज ६००. नुसत्या डांबरी रस्त्यावर दोघं चालवणारे असतील तर एखाद्याला ते रेटता येईल. पण मधले ६०० हून जास्त किलोमीटर कच्चे आहेत. तिथे ताशी ६० ची सरासरी पडली तरी चांगली म्हणायची. जुलैत मारीच्या बाजूला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर गाडी चालवायची नाही. तंबू काढायला आणि लावायला लागणारा वेळ वजा केला की दिवसाचे सहा-सात तास हातात उरतात. आठ दिवसांचा हिशेब बसतच नाही. तो बसवायला गेलं की माणूस अंधारात गाडी हाकतो, दगडांवरून ९०-१०० ने जातो, पाऊस पडून गेला तरी ‘निघू या, होईल काहीतरी’ म्हणतो. या भागात अडकलेली जी माणसं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांकडे सामान भरपूर होतं. कमी पडला तो वेळ.

व्हिक्टोरियातली ही सुट्टी दोन आठवड्यांची असते. ती सगळी वापरा, आणि त्यातले दोन दिवस कुठल्याच ठिकाणाच्या नावावर लावू नका. एवढी रजा मिळत नसेल तर प्रवासाचा अर्धा भाग सोडा. विल्यम क्रीकपर्यंत ट्रॅक करून कूबर पीडीमार्गे घरी या, किंवा ट्रॅक बाजूला ठेवून हायवेने उलुरू करा. दोन्ही प्रवास पूर्ण समाधानाचे आहेत. दोन्ही एकत्र कोंबून ८ दिवसांत केलेला मात्र नाही.

हा रस्ता नेमका इथूनच का जातो हे मुलांना निघायच्या आधी सांगा, म्हणजे वाटेत थांबायला त्यांनाच घाई होईल. ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून मोठ्या भूभागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा पाण्याचा प्रचंड साठा आहे. त्याच्या नैर्ऋत्य कडेला ते पाणी दाबाने आपोआप वर येतं आणि पाण्यातल्या क्षारांचे थर साचून झऱ्याभोवती टेकाडं तयार होतात. त्यांना माउंड स्प्रिंग्ज म्हणतात. एवढ्या कोरड्या मुलखात झऱ्यांची ही रांग म्हणजे एकमेव भरवशाची वाट होती. अराबाना, म्हणजे इथले मूळ रहिवासी, आणि शेजारचे लोक हजारो वर्षं या झऱ्यावरून त्या झऱ्यावर चालत गेले आणि फ्लिंडर्समधला तांबडा गेरू याच वाटेने दूरवर पोचला. १८५९ मध्ये शोधप्रवासी जॉन मॅकडूअल स्टुअर्ट याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेकडे सरकला, १८७२ मध्ये पूर्ण झालेली तारेची लाइन त्याच वाटेने गेली, आणि मग वाफेची इंजिनं. त्यांनाही पाणी लागायचंच. घान रेल्वे १८८४ मध्ये मारीला, १८९१ मध्ये ऊडनाडाटाला आणि १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला पोचली. पण पूर आला की रूळ वाहून जात आणि गाड्या वाटेतच अडकून पडत. शेवटी १९८० मध्ये नवी लाइन पश्चिमेला, पुराच्या वाटेबाहेर टाकली आणि जुनी बंद केली. तुम्ही जाल त्या रस्त्याच्या कडेने तिचे भराव, पडकी स्टेशनं आणि लोखंडी पूल दिसत राहतील.

मारीत उंटवाल्यांच्या मशिदीची प्रतिकृती आहे, खजुराची झाडं आहेत. ही वस्ती रेल्वे येण्याआधीपासून आणि नंतरही उंटांच्या तांड्यांवर जगली. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत सिंध, पंजाब, बलुचिस्तानचे बरेच होते. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी आणलेले उंट कराचीहून जहाजात चढले, आणि तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होतं. बाबांना हे नक्की आवडेल. तिथे अर्धा तास द्या.

मारी सोडल्यावर काही वेळाने डिंगोंना, म्हणजे इथल्या रानकुत्र्यांना, अडवणारं कुंपण ओलांडाल. ते ५,००० किलोमीटरहून लांब आहे. पुढे काटी थांडा–लेक एअरच्या दक्षिण भागाचा किनारा रस्त्यावरून दिसतो. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली असलेलं हे मिठाचं तळं बहुतेक वर्षं कोरडं असतं. १९७४ मध्ये ते तुडुंब भरलं होतं, आणि २०२५ मध्ये क्वीन्सलंडातल्या पुराचं पाणी शेकडो किलोमीटर वाहत येऊन पुन्हा मोठ्या प्रमाणात भरलं. अराबाना लोकांसाठी ती पवित्र जागा आहे. काठावरून बघा, तळावर उतरू नका, मुलांना तसं आधीच सांगून ठेवा. पाणी असेल त्या वर्षी विल्यम क्रीकहून छोट्या विमानाची फेरी घ्यावी, खर्च वसूल होतो. द बबलर आणि ब्लँश कप हे दोन झरे मुख्य रस्त्यापासून थोडे आत आहेत. वाळूतून बुडबुडे फुटताना मुलं तासभर हलणार नाहीत. तिथून जवळच कॉवर्ड स्प्रिंग्जला पहिला मुक्काम टाका. कोमट पाण्याचं छोटं कुंड आहे, सावली आहे, संडास आहेत. जुलैत गर्दी असते, जागा आधी राखून ठेवा.

आता पाऊस. या प्रवासात काळजीची गोष्ट म्हटली तर मी पहिली हीच सांगेन. ट्रॅकवरची माती बऱ्याच ठिकाणी चिकणमाती आहे. कोरडी असताना सिमेंटसारखी घट्ट, आणि चार-पाच मिलिमीटर पाऊस झाला की टायरच्या खाचा भरून चाकाचा गुळगुळीत गोळा होतो. मग फोर-व्हील ड्राइव्ह असून उपयोग नसतो, चारही चाकं घसरतात. ओल्या रस्त्यावर गाडी घातली की खोल चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगडासारख्या होतात आणि ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, येईपर्यंत सगळ्यांना छळतात. म्हणून पावसानंतर रस्ता अधिकृतपणे बंद करतात आणि बंद रस्त्यावर गेलात तर जबर दंड होतो. साउथ ऑस्ट्रेलिया सरकार आउटबॅक रस्त्यांची स्थिती रोज जाहीर करतं, वस्तीच्या तोंडाशी ‘उघडा’ किंवा ‘बंद’ असे फलक असतात. त्यापलीकडे माझी पद्धत अशी: आदल्या संध्याकाळी पुढच्या वस्तीतल्या रोडहाउसला, म्हणजे इंधन आणि जेवण मिळणाऱ्या ढाब्याला, फोन करून विचारायचं. ती माणसं सकाळपासून त्या रस्त्याने आलेल्यांशी बोललेली असतात. बंद असेल तर तिथेच राहा. तुमचे दोन मोकळे दिवस यासाठीच आहेत. ऊन आणि वारा असेल तर एक-दोन दिवसांत रस्ता बऱ्याचदा उघडतो.

डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी कोरड्या नदीच्या पात्रात तंबू लावू नका. वर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी रात्री येऊ शकतं. रिव्हर रेड गम झाडाखालीही नको. या झाडाच्या मांडीएवढ्या फांद्या वारा नसतानाही मोडून पडतात.

गाडीचं. कोरड्या, नुकत्याच ग्रेडर फिरवलेल्या ऊडनाडाटा ट्रॅकवरून तुमच्यासारख्या एसयूव्ही जातात. वाळूच्या टेकड्या इथे नाहीत, त्या सिम्पसन वाळवंटात. अडचण आहे ती वजनाची. पाच माणसांचे ३०० किलोच्या आसपास झाले. पाणी ७५ किलो. तंबू, अंथरूण, शेगडी, गॅस, फ्रिज, खाणं, जादा चाक. घरच्या एसयूव्हीची वाहून नेण्याची क्षमता बहुधा ४५० ते ५५० किलोंच्या आत असते आणि छताची मर्यादा त्याहून फार कमी. पुस्तिकेत आकडा बघा आणि खरोखर वजन करा. मला वाटतं तुमची गाडी त्या आकड्याच्या वर जाईल. भरगच्च गाडीची स्प्रिंग दबते, पोट दगडांना लागतं, टायर तापतात.

म्हणून दोन पर्याय. ॲडलेडहून लँड क्रूझर किंवा प्राडोसारखी गाडी भाड्याने घ्या, किंवा दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला बरोबर घेऊन दोन गाड्या न्या. मुलं असतील तर दुसरा पर्याय मला जास्त आवडतो, कारण एक गाडी बिघडली तरी दुसरी असते. भाड्याची घेतलीत तर करार ओळ न् ओळ वाचा. या ट्रॅकचं नाव घेऊन लेखी परवानगी आहे का, अंधारात चालवलं तर विमा राहतो का, टायर आणि काच कोणाच्या खर्चाने. साध्या टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांना कच्च्या रस्त्यावर नेण्याची बहुतेक ठिकाणी मनाई असते.

टायरवर मात्र हात आखडू नका. तंबू जुना चालेल, खुर्च्या मोडक्या चालतील. रस्त्यावरचे गिबर दगड धारदार असतात आणि शहरी टायरची बाजूची भिंत पातळ असते. ऑल-टेरेन, शक्यतो लाइट ट्रक बांधणीचे टायर घ्या. गाडीत येते ती बारकी, तात्पुरती स्टेपनी इथे कामाची नाही. पूर्ण मापाची हवी, एकटी गाडी असेल तर दोन. कच्चा रस्ता सुरू झाला की थांबा आणि हवा कमी करा. डांबरी रस्त्यावर ३८ पीएसआय ठेवत असाल तर साधारण २८. टायर मऊ पडला की दगडावर फुटण्याऐवजी दबतो आणि कच्च्या रस्त्यावर उठलेल्या आडव्या लाटाही कमी आदळतात. पण कमी हवेचा टायर वेगाने तापतो, म्हणून ७०-८० च्या वर जायचं नाही. प्रत्येक थांब्याला चारही टायरना तळहात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्याची हवा मोजा. मार्लाला डांबर लागलं की परत भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर आणि चांगला गेज हवा. निघण्याआधी घरासमोर, गाडी पूर्ण भरलेली असताना, एकदा चाक बदलून बघा. जॅक सामानाच्या तळाशी गेलाय हे तेव्हाच कळतं. जॅकखाली ठेवायला फळीचा जाड तुकडा घ्या, मऊ मातीत तो रुततो.

त्या लाटांनी गाडीतलं सगळं सैल होतं. रोज संध्याकाळी छताच्या कॅरिअरचे नट, बॅटरीची क्लॅम्प, चाकांचे नट तपासा. ॲल्युमिनियमचे कॅन एकमेकांवर घासून भोकं पडतात, मध्ये टॉवेल घाला. धुळीसाठी खिडक्या बंद ठेवून पंख्याची हवा बाहेरून घ्या. आत हवेचा किंचित दाब राहिला की धूळ फटींतून कमी शिरते. समोरून वाहन आलं की वेग कमी करून डावीकडे सरका. रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक जोडलेले ५३ मीटरपर्यंत लांब ट्रेलर ओढणारा ट्रक, आला तर सरळ थांबा आणि धूळ बसेपर्यंत निघू नका. त्याच्या मागून दुसरं वाहन येत असेल. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू, आणि कुंपण नसलेल्या गुरांच्या स्टेशनांमध्ये, म्हणजे गुरं पाळण्याच्या अवाढव्य मळ्यांमध्ये, कुठल्याही वेळी गाई. ॲना क्रीक स्टेशन, ज्याच्या मधोमध विल्यम क्रीक आहे, गोव्याच्या चौपट मोठं आहे. तिथल्या गुरांना रस्ता कोणाचा हे ठाऊक नाही.

इंधन मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला इथे मिळतं, दर टप्पा साधारण २०० किलोमीटरचा. प्रत्येक ठिकाणी टाकी भरा, अर्धी आहे म्हणून पुढे जाऊ नका. डिझेल असेल तर काळजी नाही. पेट्रोल असेल तर काही ठिकाणी ओपल नावाचं कमी ॲरोमॅटिक रसायनांचं पेट्रोलच मिळतं. ९१ ऑक्टेनवर चालणाऱ्या गाड्यांना ते चालतं, प्रीमियमच्या भरवशावर राहू नका.

पाणी: पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ५ लिटर, आणि तीन दिवसांचा साठा कायम शिल्लक. पाच जणांचे ७५ लिटर होतात. ते चार-पाच कॅनमध्ये विभागून ठेवा, एक फुटला तर सगळं जाऊ नये. भांडी आणि हातपाय धुण्याचं वेगळं.

वस्त्यांच्या मध्ये फोनला रेंज नसते. पीएलबी, म्हणजे उपग्रहाला संकटाचा इशारा देणारं छोटं यंत्र, विकत घ्या आणि एएमएसए या ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा संस्थेकडे नोंदवा, नोंदणी फुकट आहे. त्याशिवाय निरोप पाठवता येईल असं उपग्रह यंत्र भाड्याने मिळतं. नव्या फोनमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय असते, तिच्यावर एकट्यावर विसंबू नका. यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाड्यांमध्ये आपसात बोलायचा बिनतारी संच, ४० नंबरवर लावून ठेवा, ट्रकवाले त्यावर असतात. संकटासाठी ५ नंबर. मेलबर्नमधल्या एका विश्वासू माणसाकडे रोजचा मुक्काम लिहून द्या, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळवायचं तेही.

गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. हे बाबांना, मुलांना, सगळ्यांना निघण्याआधी सांगा आणि त्यांच्याकडून वदवून घ्या. मदत आणायला चालत निघालेली माणसं या देशात मेली आहेत आणि त्यांच्या गाड्या आधी सापडल्या आहेत. गाडी विमानातून दिसते, सावली देते, तिच्यात पाणी असतं. बॉनेट उघडा ठेवा, सावलीत बसा, यंत्राचं बटण दाबा. जुलैत ट्रॅकवर दिवसभरात वाहनं येतात. उन्हाळ्यात हीच गोष्ट वेगळी होते. ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं, म्हणूनच तुम्ही जुलै निवडलात ते फार बरं केलंत.

जुलैचा त्रास थंडीचा. दिवसा २० अंश, रात्री शून्याच्या जवळ. स्लीपिंग बॅग शून्य किंवा त्याखालच्या तापमानाची हवी, पण थंडी जमिनीतून येते, तेव्हा खालची गादी जाड घ्या. बाबांसाठी घडीची खाट आणि गरम पाण्याची पिशवी ठेवा. त्यांना रात्री उठावं लागत असेल तर त्यांचा तंबू संडासाच्या जवळ आणि दोऱ्या अंधारात दिसतील अशा. दर तिसऱ्या रात्री त्यांना खोली द्या. विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला तिन्ही ठिकाणी मिळते. औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, दोन वेगळ्या पिशव्यांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. प्रवास विमा काढताना जुने आजार लिहून द्या. मारी आणि ऊडनाडाटाला छोटी आरोग्यकेंद्रं आहेत. त्यापुढे रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस, १९२८ मध्ये सुरू झालेली. पोर्ट ऑगस्टा आणि ॲलिस स्प्रिंग्जहून त्यांची विमानं येतात.

स्टेशनच्या जमिनीवर राहणार असाल तर घरांपासून किमान एक किलोमीटर आणि गुरांच्या पाणवठ्यापासून अर्धा किलोमीटर लांब. माणसं दिसली तर गुरं तहानलेली राहतात पण जवळ येत नाहीत. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा. विस्तव पेटवायचा तर त्या दिवशी आगबंदी आहे का बघा. राष्ट्रीय उद्यानांत लाकूड वेचू नका, ते किड्यांचं आणि सरड्यांचं घर आहे. स्वयंपाक गॅसवरच धरा.

खाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार. प्रेशर कुकर मात्र न्या, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी, भडंग, डाळ-तांदूळ यांवर आठवडा निघतो. एक लक्षात ठेवा: व्हिक्टोरियातून साउथ ऑस्ट्रेलियात फळं, टोमॅटो, मिरच्या नेता येत नाहीत. फळमाशी रोखण्यासाठीचे नियम आहेत आणि दंड मोठा आहे. ताजं सामान पोर्ट ऑगस्टाला भरा आणि बिल जपून ठेवा.

उलुरूबद्दल थोडक्यात. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात मुक्काम करता येत नाही, उद्यानाबाहेरच्या युलारा वस्तीच्या कॅम्पग्राउंडची जागा आताच घ्या, जुलैत ती महिनोन्‌महिने आधी भरते. वर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. उलुरूचे मूळ मालक असलेल्या अनांगू लोकांनी ते बंद करा असं कायम सांगितलं होतं आणि बंद झालं ते योग्य झालं. पायथ्याची पूर्ण प्रदक्षिणा १० किलोमीटर, सपाट आहे. बाबांना जमली नाही तर मुटिजुलू पाणवठ्याची छोटी वाट करा. काही जागांचे फोटो काढू नयेत असे फलक आहेत, ते पाळा. रजा अगदीच कमी मिळाली तर एक मार्ग आणखी आहे: बाबांना आणि पत्नीला मेलबर्नहून विमानाने थेट युलाराला येऊ द्या आणि मुलांना घेऊन तुम्ही ट्रॅकने या. गाडीचं वजनही त्याने आटोक्यात येईल.

गाडी ठरली की टायरच्या बाजूवर लिहिलेलं माप आणि पूर्ण भरल्यावरचं पुढच्या-मागच्या चाकांवरचं वजन कळवा. ट्रकच्या वजनकाट्यावर ते करून मिळतं. त्यावरून पुढच्या आणि मागच्या टायरांसाठी हवेचे वेगवेगळे आकडे देता येतील.